अर्थ

वहीत लिहिलंय:
सोमवार, सकाळी सव्वासहा, दुसऱ्या किकला.
मंगळवार, तीच वेळ, तेच पेट्रोल, चौदा.
बुधवार, पहिल्याच.
गुरुवारी रबाळ्यापर्यंत शेअर रिक्षा.

मी लॅबमध्ये काम करतो.
दर तासाला पीएच मोजून रकान्यात भरणं ही माझी भाकरी.
वाटलं, महिनाभर आकडे लिहिले
की रोग स्वतःच पुढे येऊन उभा राहील.
तापमान लिहिलं. टाकी किती भरलेली. चोक वर की खाली.
एकदा, लाज वाटली तरी, माझा मूडही.
काही जुळलं नाही.

राजदूत अण्णांची.
रात्री दोनला तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात जायची,
कॅरिअरला आकडा अडकवलेला,
सीटच्या शिवणीत कांद्याची सालं.
मी कॅरिअर कापला. मडगार्ड कापलं.
हँडल खाली आणलं, सहाचे बारा व्होल्ट केले,
पॉइंट काढून सीलबंद डबी बसवली,
वायरी दिसू नयेत म्हणून सगळ्या सीटखाली कोंबल्या
आणि चेसिस तळोज्याला नेऊन
भट्टीत काळी करून आणली.
सिम्प्लेक्सच्या गल्लीतली पोरं फोटो काढायची.
अण्णा एकदाच खाली आले.
टाकीवर टिचकी मारून म्हणाले,
"दुसऱ्यानं बसायचं कुठं?"

आता ते गॅलरीत बसून किका मोजतात.
मी घामेजून वर पाहिलं की बोटं दाखवतात:
दोन्ही पंजे,
मग एक बोट जास्त.

प्लग काढला. बिस्किटाच्या रंगाचा, निरोगी.
कार्बोरेटर तीनदा धुतला.
जेट मोठा, जेट लहान, परत तोच.
ठिणगी पाहावी तर निळी, टचटचीत,
डॉक्टरांच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी.

शेवटी घणसोलीहून ढकलत बोनकोड्याला नेली,
पदू म्हात्रेकडे.
त्याच्या शेडमागे अजून एक होडी पालथी पडलीय,
तिच्यावर स्कूटरचे टायर रचलेत.
त्यानं पाना उचलला नाही. वही मागितली.
ओठ हलवत सगळे मंगळवार वाचले.
"रंग कवा मारलास?"
रंगाचा काय संबंध?
"कवा?"
दिवाळीच्या आधी.
"न् तरास कवापासून?"

मी पानं मागे उलटत गेलो.
पहिलं पान दिवाळीनंतरचं.
त्याआधी वही नव्हतीच,
लागली नव्हती.

पदूनं सीट उचलली, गुंत्यातून एक काळी वायर ओढली,
गोल डोळ्याची, बोल्टाखाली घट्ट कसलेली.
मीच कसलेली.
"बसलीय रंगावर. बोल्टाच्या आट्यातून लागली तर लागली,
गाडी हालली की सुटली.
ठिणगीची काय चूक नाय.
हिला अर्थ नाय भेटत."

मी हसलो. तो हसला नाही.
त्याच्या शेडमध्ये अर्थ म्हणजे ही काळी वायर,
दुसरं काही नाही.
पॉलिश पेपर त्यानं माझ्याच हातात दिला.
"घास."

रुपयाएवढी जागा.
एवढे पैसे मोजून चढवलेला काळा उडाला.
त्याखाली, भट्टीवाल्यानं कोपऱ्यात आळस केलेला,
अण्णांच्या वेळचा लाल.
मग लोखंड, पांढरं,
आत्ताच जागं झाल्यासारखं.

पहिल्या किकला. बंद केली. परत पहिल्या.
पदूनं ऐंशी रुपये घेतले
आणि वही टायरवर ठेवली, तेलकट अंगठ्यासकट.

पंधरा दिवस एकेक बोट.
मग एका बुधवारी नऊ.
मी वर पाहिलं तर गॅलरी रिकामी.
अण्णा जिना उतरत होते, कठडा धरून,
दुसऱ्या हातात आकडा,
मूठ गुळगुळीत झालेली, टोक अजून तसंच.
काही न विचारता त्यांनी सीट उचलली,
चष्मा कपाळावर सरकवला.
"खाडीची हवा," म्हणाले, "उघडं लोखंड सोडती व्हय?"
आणि ज्या टोकानं तीस वर्षं पोती उचलली
त्यानं तेवढा गंज खरवडला,
हळू, पोराच्या कानातला मळ काढावा तसा.

फुंकर मारली. बोल्ट कसला.
मागे सरकून म्हणाले,
"मार."